आठवणींचे कारभारीपण



घरी पाहुणे आले, चहापाणी झाले, दोन्हीकडची ख्यालीखुशाली विचारून संपली, की घरातील कोणीतरी उठावे, कपाटातून फोटोंचा आल्बम काढावा आणि पाहुण्यांच्या मांडीवर ठेवावा, हा प्रसंग आपणांपैकी कोणी अनुभवला नाही? लग्न, बाप्तिस्मा, नाताळ, पहिल्या पगारातून केलेली महाबळेश्वरची सहल, कचेरीतला निरोपसमारंभ, असे सारे आयुष्य त्या काळ्या पानांवर नीट चिकटवलेले असे. आपला मराठी ख्रिस्ती समाज नोकरीधंद्याच्या निमित्ताने दूरदूर पांगलेला आहे. कोणी इंदूरला, कोणी हैदराबादला, तर कोणी दिल्लीला. या पांगलेल्या घरांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचे काम पत्रांनी आणि पत्रांबरोबर पाकिटातून आलेल्या छायाचित्रांनी वर्षानुवर्षे केले. तेव्हा आठवणी एकमेकांना दाखवू नयेत, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही.

मला पडलेला प्रश्न निराळा आहे. जे माझ्याजवळ आहे ते सर्व दाखवण्याचा मला अधिकार आहे काय? कॅमेरा माझा असेल, पण त्याने टिपलेला चेहरा दुसऱ्याचा असतो. आठवण माझी असेल, पण तीत वावरणारी माणसे माझी मालमत्ता नसतात. मग या ठेवीचा मी मालक की केवळ कारभारी?

हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात सापडला नाही. तो माझ्या धाकट्या बहिणीने मला विचारला. आमची आई शेवटच्या दुखण्यात रुग्णालयात होती. मी रात्रंदिवस तिच्याजवळ होतो. एका सकाळी मी मोबाइलवर तिचा फोटो घेतला आणि ‘आईसाठी प्रार्थना करा’ एवढे लिहून सर्व नातेवाइकांना व मंडळीतील स्नेह्यांना पाठवून दिला. नाकात नळी, विस्कटलेले केस, अर्धवट उघडे तोंड, खांद्यावरून घसरलेले वस्त्र. अर्ध्या तासात कित्येकांची उत्तरे आली आणि मला धीर वाटला. दुपारी वडोदऱ्याहून बहिणीचा फोन आला. ती रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, “दादा, पदर सावरल्याशिवाय आईने कधी कुणाला फोटो काढू दिला होता का?”

मला उत्तर देता आले नाही. माझा हेतू वाईट नव्हता, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितले. प्रार्थना हवीच होती. परंतु वाचकहो, खरे सांगावयाचे तर त्या हेतूच्या मागे आणखी एक हेतू दडलेला होता. आईच्या उशाशी मी आहे, हे चार लोकांना दिसावे, असेही मला वाटत होते. प्रार्थनेसाठी शब्द पुरेसे होते. फोटो माझ्यासाठी होता.

त्या रात्री मला नोहाची गोष्ट आठवली. द्राक्षारस पिऊन तो आपल्या तंबूत उघडा पडला होता. हामाने ते पाहिले आणि बाहेर येऊन आपल्या भावांना सांगितले. हाम खोटे बोलला, असे शास्त्र म्हणत नाही. त्याने पाहिले ते खरे होते आणि सांगितले तेही खरेच होते. तरीही ते करणे चुकीचे होते. शेम आणि याफेथ मात्र खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत गेले आणि मान वळवून त्यांनी बाप झाकला. ‘जे घडले तेच मी दाखवले, त्यात काय चुकले?’ असे आपण सहज म्हणतो. या गोष्टीपुढे तो बचाव टिकत नाही. खरेपणा हा दाखवण्याचा पूर्ण परवाना नव्हे. दुबळ्या क्षणी आपल्या हाती सापडलेल्या माणसाला खरेपणाबरोबर पांघरूणही देणे लागते.

पूर्वी या पांघरुणाची सोय काही अंशी यंत्रानेच केलेली होती. १८८८ साली कोडॅकचा पहिला कॅमेरा बाजारात आला तेव्हा त्यातील फिल्मवर शंभर चित्रे निघत आणि ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवावा लागे. आपल्या काळी छत्तीस फोटोंचा रोल पुरा होईपर्यंत महिने जात. मग तो धुवायला टाकायचा आणि दुकानदाराच्या फेऱ्या मारायच्या. फोटो घेणे आणि तो दाखवणे यांच्यामध्ये असा काळ जात असे, आणि त्या काळात मनाला विचार करावयास सवड मिळे. ती सवड आता उरलेली नाही. यंत्राने जे सोडून दिले ते विवेकाने उचलावयास हवे.

मग काहीच दाखवू नये काय? नाही, शास्त्र तसेही शिकवत नाही. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे आणवून गिलगाल येथे उभे केले. कशासाठी? पुढे मुलांनी विचारावे की, हे धोंडे कशाचे, आणि वडिलांनी त्यांना सारी हकीकत सांगावी म्हणून. धोंडा स्वतः मुका असतो. मूल विचारते आणि वडील सांगतात, तेव्हाच ती स्मृती होते. छायाचित्रही असेच मुके असते. आमची आई प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहीत असे. ज्यांच्यामागे ती लिहू शकली नाही, ते फोटो आज आम्हांला परके झाले आहेत. चेहरे स्पष्ट आहेत, पण माणसे हरवली आहेत. आठवण वाटणे म्हणजे नुसते चित्र पुढे सरकवणे नव्हे. त्यातल्या माणसाचे नाव आणि त्याची हकीकत त्याच्याबरोबर देणे.

याच्या अगदी उलट उदाहरण हिज्कीया राजाचे आहे. मरणाच्या दुखण्यातून तो बरा झाला, तेव्हा बाबेलहून दूत भेट घेऊन आले. राजाने त्यांना चांदी, सोने, सुगंधी द्रव्ये, मोलवान तेल, शस्त्रागार, सारे काही दाखवले. दाखवले नाही असे घरात काही उरले नाही. नंतर यशया आला आणि त्याने त्या पाहुण्यांची चौकशी केली. त्यांनी घरात काय पाहिले, असे विचारल्यावर राजा भाबडेपणाने म्हणाला की, सर्व काही. ज्याने नुकतेच त्याला मरणातून उठवले, त्या देवाबद्दल राजाने त्या दूतांना काही सांगितल्याचे मात्र तेथे आढळत नाही. सांगण्याजोगी गोष्ट मनातच राहिली आणि भांडार तेवढे दाखवले गेले. आपल्या प्रवासाच्या फोटोंकडे या दृष्टीने पाहावे. परदेशी गेलो, उंच इमारतीसमोर उभे राहिलो, हॉटेलातल्या भरल्या ताटासमोर बसलो. पाहणाऱ्याला त्यातून काय मिळाले? ज्याला घरभाडे भरणे कठीण जाते, अशा चुलतभावाला त्यातून आनंद मिळाला की फक्त स्वतःचे उणेपण?

प्रवासाची आठवण कशी वाटावी, याचा धडा आपल्याला पंडिता रमाबाईंनी घालून दिला आहे. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या, आणि १८८९ साली त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच ‘लोकस्थिती’ आधी आहे आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. मी कोठे गेले यापेक्षा तेथील लोक कसे राहतात, तेथील स्त्रियांनी काय मिळवले, आपल्या भगिनींना त्यातून काय घेता येईल, याकडे त्यांचे लक्ष होते. प्रवासाहून त्यांनी वाचकासाठी काही आणले. केवळ स्वतःला दाखवले नाही.

कामाच्या आठवणींचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण आपल्या समाजात पुष्कळांचे काम दवाखाने, शाळा आणि सेवाभावी संस्था यांत गेले आहे. दुसऱ्याचे दुःख हाच तेथील अनुभव असतो. येथे इतिहासातील दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवण्याजोगी आहेत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून त्यांची छायाचित्रे घेतली. दुष्काळाची भीषणता त्यांतून दूरवर पोहोचली, हे खरे. पण फोटो झाल्यावर त्या जिवांना अन्न न देताच परत पाठवले, असा आरोप त्याच्यावर होत आला आहे. त्या चित्रांतील माणसांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

दुसरे उदाहरण १९०४ सालचे आहे. आफ्रिकेतील काँगो हा प्रदेश तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी सत्तेखाली होता आणि रबरासाठी तेथील लोकांवर अघोर जुलूम चालला होता. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी मारलेल्या आपल्या लहान मुलीचा तुटलेला हात आणि पाऊल पानांत गुंडाळून एक बाप मिशनच्या घरी आला. ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी त्याचा फोटो घेतला. बापाचे नाव न्साला, मुलीचे नाव बोआली. बाई आणि त्यांचे पती यांनी असे फोटो मॅजिक लँटर्नवर गावोगावी दाखवले, लोकमत खवळले, आणि १९०८ साली काँगो राजाच्या हातून काढून बेल्जियमच्या सरकारकडे देण्यात आला. तो फोटो झाकून ठेवणे हेच तेथे पाप ठरले असते.

दोन्ही चित्रांत वेदना आहे. मग फरक कोठे? एका ठिकाणी माणूस पाहण्याची वस्तू झाला. दुसऱ्या ठिकाणी तो स्वतः फिर्याद घेऊन आला होता आणि कॅमेऱ्याने त्याची फिर्याद पुढे नेली. आता आपल्या मंडळीच्या अहवालातील घोंगड्या वाटपाचा फोटो डोळ्यांपुढे आणा. देणारे पाच जण एका घोंगडीला हात लावून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत आणि घेणारी म्हातारी खाली पाहत आहे. देणाऱ्यांची नावे फोटोखाली छापली आहेत, तिचे नाही. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे प्रभूने शिकवले. आपण मात्र दोन्ही हात छायाचित्रकाराला आधी दाखवून घेतो. हिशेब द्यावा लागतो, हे मान्य. पण घोंगड्यांची संख्या लिहूनही हिशेब देता येतो.

उरल्या घरच्या आठवणी. येथे आपल्याला दूर जावयास नको. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. नवऱ्याचा तापट स्वभाव, घरातले दारिद्र्य, त्यांच्या धर्मांतरानंतरचा ताटातुटीचा काळ, यांपैकी काहीही लक्ष्मीबाईंनी लपवले नाही. तरीही ते पुस्तक मिटताना टिळकांबद्दल आपला आदर कमी होत नाही. याचे कारण मला असे दिसते की, हसण्याची वेळ आली की बाई बहुधा पहिल्यांदा स्वतःला हसतात, आणि ज्याच्याविषयी सांगतात त्याच्यावरचे प्रेम कोठेही सुटू देत नाहीत. उघड करणे आणि उघडे पाडणे यांतील अंतर कोणाला समजून घ्यावयाचे असेल, तर त्याने हे पुस्तक वाचावे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. कायद्याने हे म्हटले, हे चांगलेच झाले. परंतु आजारी आईचा फोटो पाठवला म्हणून मुलाला कोणी न्यायालयात खेचणार नाही. तेथे कायदा नसतो. फक्त शेजाऱ्यावरची प्रीती असते.

म्हणून आता कोणताही फोटो कोणाला दाखवण्यापूर्वी मी थोडा थांबतो. यातील माणूस या क्षणी माझ्या शेजारी उभा असता, तर मी हे दाखवले असते काय? पाहणाऱ्याला यातून काही मिळेल की मलाच काही मिळवायचे आहे? आणि या चेहऱ्यामागची हकीकत सांगण्याची माझी तयारी आहे काय? दर वेळी मनासारखे उत्तर येतेच असे नाही. पुष्कळदा फोटो तसाच राहतो.

पाठवलेला तो फोटो मला परत बोलावता आला नाही. तो कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये अजून असेल, हे मला ठाऊक नाही. आईला त्याबद्दल क्षमाही मागता आली नाही. ती शुद्धीवर आलीच नाही. तिच्या पश्चात बहिणीने मला टपालाने एक जुना फोटो पाठवला. आई शाळेच्या पायरीवर उभी आहे, डोक्यावरून पदर, हातात हजेरीचे पुस्तक. मागे तिच्याच अक्षरात नाव आणि साल आहे. माझी नात परवा तो हातात घेऊन विचारत होती, “आजोबा, ही कोण?”

मी तिला जवळ बसवले आणि सांगावयास सुरुवात केली.