भीतीला प्रार्थनेत जागा

ज्याची श्रद्धा पक्की त्याला भीती वाटत नाही, हा समज ख्रिस्ती कुटुंबांतही खोलवर रुजलेला आहे. घरात गंभीर आजारपण आले, कर्त्या माणसाची नोकरी गेली किंवा मुलाचा ठावठिकाणा लागेनासा झाला, की धीर द्यायला येणारी माणसे डोंगरावरील प्रवचनाचा, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या प्रदीर्घ उपदेशाचा आधार घेतात. उद्याची चिंता करू नका हे त्यातले सांगणे ती अशा सुरात ऐकवतात, की आधीच धास्तावलेल्या माणसाच्या डोक्यावर श्रद्धा कमी पडल्याचा दोषही चढतो. येशूने मात्र ते शब्द अन्नवस्त्राची भ्रांत असलेल्या लोकांना, त्यांच्या गरजा देवाला ठाऊक आहेत हा दिलासा देण्यासाठी उच्चारले होते, आणि दिलाशाची दटावणी करणे हा त्या उपदेशावर अन्यायच आहे.

हा उपदेश करणारा येशू स्वतः भीतीतून गेला, हे शुभवर्तमाने लपवून ठेवत नाहीत. अटकेच्या रात्री यरुशलेमेजवळच्या जैतुनाच्या डोंगरावर, गेथशेमाने नावाच्या जागी, तो पेत्र, याकोब आणि योहान या तीन शिष्यांना बरोबर घेऊन गेला, आपला जीव मरणप्राय कष्टी झाला आहे असे त्याने त्यांना सांगितले, आणि आपल्यासोबत जागे राहण्याची विनंती केली. पुढे येणाऱ्या दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना त्याने पुन्हा पुन्हा केली, शेवटी पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली, आणि दर वेळी परत येऊन पाहतो तो शिष्य झोपलेले होते. ज्याला ख्रिस्ती माणूस देवाचा पुत्र मानतो त्याला घाबरल्यावर सोबतीला माणसे हवीशी वाटली, ही गोष्ट भीतीला पाप ठरवणाऱ्या साऱ्या युक्तिवादांना पुरून उरणारी आहे.

या प्रार्थनेमागे यहुदी परंपरेतील विलापस्तोत्रांची, म्हणजे देवापुढे उघडपणे तक्रार मांडणाऱ्या गीतांची, जुनी शिकवण आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे असून त्यांतील सुमारे एक तृतीयांश या प्रकारात मोडतात. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच, हे कुठवर चालणार, असा प्रश्न देवाला चार वेळा विचारलेला आहे, तरी ते अखेरीस विश्वासाच्या सुरावर येते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र कुठलेही आश्वासन न देता अंधारातच थांबते. असे स्तोत्र पवित्र ग्रंथात राहू दिले गेले, याचा अर्थ ज्याला आशेचा एक शब्दही सुचत नाही त्यालाही प्रार्थनेचा अधिकार आहे.

या स्तोत्रांचा आधार विसाव्या शतकात ज्याने पणाला लागलेल्या आयुष्यात घेतला, तो डीट्रिख बॉनहॉफर हा जर्मन ल्युथरन पाळक आणि धर्मशास्त्रज्ञ. प्रोटेस्टंट चर्च नाझी सत्तेच्या मुठीत जाऊ नये म्हणून 1934 साली उभ्या राहिलेल्या 'बेकेनेन्डे किर्खे'चा, म्हणजे आपल्या विश्वासाची जाहीर कबुली देणाऱ्या मंडळीचा, तो एक प्रमुख आवाज होता. 1939 साली अमेरिकेत सुरक्षित राहण्याची संधी असताना तो काही आठवड्यांतच जर्मनीला परतला, आणि 5 एप्रिल 1943 रोजी त्याला अटक होऊन बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवण्यात आले. तुरुंगातील पहिल्या काळातल्या त्याच्या टिपणांत, आपले आयुष्य संपल्यातच जमा आहे, इतका टोकाचा विचारही येऊन जातो. लोकांना आपण शांत आणि धीरोदात्त दिसतो, पण आतून आपण अस्वस्थ आणि थकलेले आहोत, ही विसंगती त्याने 1944 साली एका कवितेतही मांडली. अशा मनःस्थितीत तो वर्षानुवर्षांच्या सवयीप्रमाणे रोज स्तोत्रे वाचत राहिला, आणि 1943 च्या नाताळात त्याने सहकैद्यांसाठी प्रार्थना लिहिल्या, ज्यांत आपल्या आतला अंधार आणि एकटेपणा देवापुढे न लपवता मांडलेला आहे.

बर्लिनवर बॉम्बवर्षाव चालू असताना तुरुंगातले सारे जमिनीवर आडवे पडलेले असत. अशा एका रात्री, एरवी बेफिकीर असणारा शेजारचा एक कैदी देवाचा धावा करू लागला. बॉनहॉफर पाळक असूनही त्या क्षणी उपदेश करायला धजावला नाही; त्याने घड्याळाकडे पाहिले आणि आता फार तर दहा मिनिटे, एवढेच सांगितले. घाबरलेल्या माणसाच्या अगतिकतेचा फायदा घेऊन त्याच्यावर धर्म लादायचा नाही, हा त्यामागचा विवेक होता, आणि श्रद्धेने दिलेल्या बळाची याहून चांगली खूण सापडणे अवघड आहे, कारण इथे स्वतःही धोक्यात असलेला माणूस दुसऱ्याच्या भीतीची बूज राखतो. 9 एप्रिल 1945 रोजी, वयाच्या 39 व्या वर्षी, फ्लॉसेनब्युर्ग येथील छळछावणीत त्याला फाशी देण्यात आली. श्रद्धेने त्याला मृत्यूपासून वाचवले नाही, आणि तसे वचनही तिने कधी दिलेले नव्हते.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे आयुष्य याच बाजूने वाचता येते. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील गमावलेल्या आणि उपासमार स्वतः सोसलेल्या या विदुषीने 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवांना आश्रय दिला, आणि केडगावच्या मुक्ती मिशनला त्यातूनच आकार आला. भुकेची जुनी धास्ती त्यांनी विसरण्याचा प्रयत्न केला नाही; तिच्यामुळेच दुसऱ्याची भूक त्यांना ओळखू आली.

ज्यांची धास्ती महिनोन्महिने हटत नाही, झोप आणि भूक हिरावून घेते, त्यांनी प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जायला हवे, आणि त्यात अश्रद्धा काहीच नाही. धीर देणाऱ्यांनी, मग ते पाळक असोत वा शेजारी, अशा घरी उपदेशाची वही घेऊन जाऊ नये. त्यापेक्षा त्या कुटुंबासोबत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शेवटपर्यंत वाचावे, वाचून झाल्यावर सांत्वनाचे शब्द बोलण्याची घाई करू नये, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.