३२,७६७च्या वर

सीडीवर आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि प्रत्येक मापाला १६ बिटांचा एक आकडा मिळतो. तो उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या आतच बसावा लागतो. गाणाऱ्याचा तार षड्ज याहून वर गेला तर? ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्रावर लाल दिवा लागतो, पण तो दिवा आकड्यांत उतरत नाही. आकड्यांत उतरतं ३२,७६७. पुढच्या मापालाही ३२,७६७, त्याच्या पुढच्यालाही तेच. लहरीचा माथा सपाट कापला जातो. ऐकणाऱ्याला आवाज फाटल्यासारखा वाटतो, तंत्रज्ञ त्याला क्लिपिंग म्हणतात.

आकाशवाणीच्या तांत्रिक विभागात माझी सगळी नोकरी झाली. या सपाट माथ्याइतका अस्वस्थ करणारा दुसरा दोष मला माहीत नाही. खरखर, गुणगुण, मधेच तुटणारा आवाज, हे दोष आपण दोष असल्याचं स्वतःच सांगतात. क्लिपिंग मात्र साक्ष देतं. सूर इथवरच होता, असं ते लिहून ठेवतं. मोजणाऱ्याचं माप जिथं संपतं तिथं त्यानं काय करावं, हा प्रश्न मला धर्माचा वाटतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, पहाटे बस्तीतून दर्शन घेऊन आले की स्वाध्यायाला बसत. कृष्णाकाठच्या दिगंबर जैन शेतकऱ्याच्या घरी जेवढे ग्रंथ असतात तेवढे आमच्याकडे होते. गणनेचे तीन वर्ग मी त्यांच्या तोंडून लहानपणीच ऐकले: संख्यात, असंख्यात, अनंत. संख्याताचे तीन भेद, असंख्याताचे नऊ, अनंताचे नऊ, एकूण २१. मोजता येणाऱ्यांतली सर्वांत मोठी संख्या ती उत्कृष्ट संख्यात. तिच्यात एक मिळवला की जघन्य असंख्यात सुरू होतं. तेव्हा मला ती पाठांतराची यादी वाटे. पुढं यंत्रांपाशी बसल्यावर त्या यादीतला प्रामाणिकपणा दिसला. मोजणी संपते तिथं जैन आचार्यांनी पलीकडच्या गोष्टीसाठी वेगळं घर बांधलं. तिला शेवटच्या खणात कोंबलं नाही. यंत्राचं उत्कृष्ट संख्यात ३२,७६७. त्याच्यापुढं त्याच्याकडे घरच नाही.

गेल्या पावसाळ्यात भाच्याचा कोल्हापुरातून फोन आला. ‘आत्या, नवा अ‍ॅम्प घेतलाय. किशोरीताई तारसप्तकात गेल्या की आवाज फाटतोय. स्पीकर गेला असंल काय?’

मी विचारलं, आवाज बारीक केल्यावरही फाटतो का? फाटत होता. मग स्पीकर आणि अ‍ॅम्पचा शेवटचा टप्पा यांच्यावरचा माझा संशय बराच कमी झाला. अ‍ॅम्पची ताकद कमी पडून आवाज फाटत असेल तर बटण खाली आणलं की तो बहुधा सुधारतो. बारीक आवाजातही तसाच फाटत असेल, तर लहर बटणापर्यंत पोचण्याआधीच कापली गेलेली असते, आणि कापलेल्या लहरीला लहान केलं तरी ती कापलेलीच राहते. निदानातला हा एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. दोष बोलण्यात आहे की समजून घेण्यात, हे त्यानं कळतं.

प्रत्यक्ष गेले तेव्हा आधी प्लेअरला थेट हेडफोन लावला. सूर स्वच्छ. म्हणजे गडबड पुढं होती. आजकालचे बरेच अ‍ॅम्प तारेतून आलेला साधा आवाजही आधी आकड्यांत बदलून घेतात आणि मगच लहानमोठा करतात. याचाही तसाच होता. माहितीपुस्तिकेत त्या इनपुटची मर्यादा २ व्होल्ट दिली होती, आणि प्लेअरचं आउटपुट सेटिंगमध्ये ४ व्होल्टवर होतं. ते २ वर आणलं. व्होल्टेज निम्मं झालं की पातळी ६ डेसिबलनं उतरते. तारसप्तक मोकळं झालं. भाचा म्हणाला, आवाज कमी करून गाणं मोठं झालं की! त्याचं म्हणणं खरंच होतं.

डोक्यावर राखलेल्या या मोकळ्या जागेला आम्ही हेडरूम म्हणतो. ती फुकट मिळत नाही. आकड्यांतच ६ डेसिबल खाली यायचं तर १६ बिटांतला एक बिट द्यावा लागतो. तळाची बारीक कुजबुज त्या मानानं गोंगाटाच्या जवळ येते. तरीही ती किंमत द्यावी, कारण कापल्या गेलेल्या सुरात नुसती उणीव राहत नाही, खोटी भर पडते. सपाट माथ्यातून गायिकेनं न गायलेले उपस्वर जन्मतात. कापणी आकड्यांतच झाली असेल तर त्याहून वाईट घडतं. ३,००० हर्ट्झच्या स्वराचा १५वा उपस्वर ४५,००० हर्ट्झवर जायला हवा. ४४,१००च्या मोजणीत त्याला जागा नसल्यामुळे तो उलटा खाली येऊन ९०० हर्ट्झवर पडतो, मूळ स्वराच्याही खाली. ज्याचा रागाशी काही संबंध नाही असा स्वर आता तिच्या नावावर जमा आहे. शास्त्रांच्या बाबतीतही मी हे पाहिलं आहे. न झेपणारी गोष्ट ठाम वाक्यात दाबून बसवली की तिच्यातून भलतेच नियम आणि भलत्याच भीती निघतात, आणि लोक ते मूळ वचन समजून पाळत राहतात.

आणखी एक हानी होते. वेगवेगळ्या उंचीची शिखरं ३२,७६७ या एकाच आकड्यावर येतात. किंचित वर गेलेला सूर आणि दुपटीनं वर गेलेला सूर यांत फरक उरत नाही. माझा भाऊ, याच भाच्याचा बाप, ऐन चाळिशीत गेला. भेटायला येणारा प्रत्येकजण सांगून जाई, त्याचं आयुकर्म तेवढंच होतं. कर्मसिद्धांत मी आजही मानते. पण हेच वाक्य, याच सुरात, नव्वदीतल्या आजीच्या वेळीही ऐकलं होतं. दोन मरणं एका उंचीची झाली. ग्रंथांची सर्वांत जास्त पानं उलटलेले आण्णा मात्र म्हणाले, ‘मला हे मापता येत नाही, बाई.’ त्या घरात सिद्धांताशी प्रामाणिक असं तेवढंच बोलणं झालं, असं मला वाटतं.

स्याद्वादाकडे, म्हणजे प्रत्येक विधान एका अपेक्षेनंच खरं मानणाऱ्या जैन विचाराकडे, मी याच वाटेनं आले. त्याच्या सात भंगांमध्ये, म्हणजे विधानाच्या सात प्रकारांमध्ये, ‘अवक्तव्य’ला जागा आहे. त्याचा अर्थ ‘फार मोठं’ असा नाही. आहे आणि नाही हे दोन्ही एकाच वेळी एका शब्दात सांगता येत नाही, तिथला तो भंग आहे. तरी मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं की न सांगता येण्यालाही नोंदवहीत रीतसर रकाना दिला. माझ्या ओळखीच्या कोणत्याही १६ बिटी यंत्रानं तो दिलेला नाही.

यावर एक आक्षेप मला सुटत नाही. जाणणारा मर्यादित आहे, तर अनंत जाणणाऱ्या केवलींबद्दल आपण इतक्या खात्रीनं कसं बोलतो? हाही कापलेला माथा नसेल कशावरून? आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसा’त स्याद्वाद आणि केवलज्ञान यांना शेजारी बसवलं आहे: दोन्ही सगळी तत्त्वं उजळतात, एक परोक्ष, दुसरं प्रत्यक्ष. प्रत्यक्षाची बाजू मी श्रद्धेनं मानते, तपासू शकत नाही. परोक्षाच्या बाजूला मात्र आपण सगळे आहोत, आणि तिथला नियम पाळणं माझ्या हातात आहे.

भाच्याकडचं काम तेवढ्यावर संपलं नाही. एका जुन्या मैफलीची नव्यानं काढलेली प्रत अजूनही फाटत होती. संगणकावर लहर उघडून पाहिली. फाइलच कापलेली, प्रत काढताना कुणीतरी आवाज चढवला होता. दुकानात शेजारच्या प्रतीपेक्षा आपली प्रत मोठ्यानं वाजावी, या हव्यासातून जगभर असं झालं आहे. २००८ साली मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर त्यांच्याच चाहत्यांनी यासाठी टीका केली होती, आणि त्याच गाण्यांची एका व्हिडिओ गेममधली प्रत कमी दाबलेली असल्यानं लोकांनी ती पसंत केली.

भाच्यानं कापलेले माथे भरून देणारं सॉफ्टवेअर शोधून काढलं. ते दोन्ही बाजूंच्या चढउतारावरून हरवलेलं शिखर रेखतं. हे अनुमान आहे, आणि अनुमानाला आपल्याकडे प्रमाणाचा मान आहे. धुरावरून अग्नी ओळखावा तसं. माथा तीनचार मापांचाच गेला असेल तर बाजूचा उतार पुरेसा पुरावा देतो. पन्नास मापांचं पठार असेल तर ते शिखर सॉफ्टवेअरचं, गायिकेचं नाही. म्हणून लहान कापण्या भरायला मी होकार दिला, लांब पठारं तशीच ठेवायला सांगितली. भरलेली प्रत वेगळी ठेवून तिच्या नावापुढं ‘अनुमानित’ लिहायला लावलं. ऐकताना कुणाला फरक कळणार आहे, असं म्हणून त्यानं हुज्जत घातली. मी हटले नाही. मूळ फाइल पुसायचीही त्याला मुभा नाही. उद्या कुणाकडे जुनी टेप निघाली, तर कुठला माथा खरा होता हे त्या दोन्हींशी ताडून पाहता येईल.