गोऱ्ह्याचा जन्म आणि मनुष्याचे कर्तव्य

वळूच्या वीर्यातील शुक्राणूंपैकी सुमारे निम्मे कालवडीस व निम्मे गोऱ्ह्यास कारण होतात. कालवडीस कारण होणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे ४ टक्के अधिक असतो. शुक्राणूंना विशिष्ट रंग देऊन लेसर किरणाने हा भेद ओळखावयाचा व ते वेगळे करावयाचे, ही पद्धत अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनी १९८९ साली सशांवर सिद्ध केली. अशा लिंगविनिश्चित वीर्यमात्रेने आज १०० पैकी सुमारे ९० कालवडी होतात.

येथे पूर्वपक्ष असा की, जन्मापूर्वीच नराला नाकारणे ही हिंसाच होय. परंतु ही निवड गर्भधारणेच्याही आधीची आहे. गर्भपाताप्रमाणे येथे देहधारी जीवाचा घात होत नाही. उलट, ट्रॅक्टर आल्यावर बैलाचे काम गेले आणि आईच्या दुधावाचून खंगणारा गोऱ्हा गोठ्यांत दिसू लागला. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. पण कायदा सुरी थांबवितो, उपासमार थांबवीत नाही. अशा उपासमारीसाठीच जन्म देण्यापेक्षा तो जन्म टाळणे, यात हिंसा अल्प आहे.

तथापि दोष अन्यत्र आहे. उपयोग नाही म्हणून जीव नको, ही दृष्टी या सोयीने बळावते. आज गोऱ्हा नको, उद्या भाकड गायही नको. १०० पैकी १० गोऱ्हे तरीही जन्मतातच. त्यांच्या वाट्याचे दूध त्यांना मिळते की नाही, यावरूनच ही पद्धत दयेपोटी स्वीकारली की लोभापोटी, हे सुज्ञांनी ओळखावे.