वही सावकाराची, चष्मा माझा

मास्तरचं नि माझं भांडण घटनेच्या एकाच कलमावरून आहे, आणि ते कलम दोघांच्याही बाजूचं आहे. घोडेगावच्या कोर्टात माझी उभी हयात गेली, पण वादी-प्रतिवादी दोघंही खरे असलेला दावा फार थोड्या वेळा पाहिला. असे दावे तारखांवर तारखा खातात.

मास्तर माझा शाळेपासूनचा मित्र. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाला आणि काचबिंदूनं डोळे नेले. उजव्यात उजेड-अंधार कळतो, डाव्यात तेवढंही नाही. मुलानं पुण्याहून एआयचा चष्मा आणून दिला. फ्रेमच्या कोपऱ्यात कॅमेरा, दांडीत बारीक स्पीकर. मास्तर विचारतो, चष्मा फोटो काढतो, फोनमार्फत तो कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला जातो आणि उत्तर कानाशी येतं, तेही हिंदीत. मेटा आणि रे-बॅनचे असे चष्मे मे 2025 पासून आपल्याकडे विकायला आहेत, तेव्हा किंमत 29,900 पासून पुढे होती. मास्तरचा कुठल्या कंपनीचा ते सोडून देऊ. डिंभे धरणाच्या वर रेंज गेली की तो कुठल्याही कंपनीचा असला तरी नुसती काच.

भांडणाला कारण झाली नारायणगावची राहुटी. पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. तमासगीर विठाबाईंचं गाव ते, तमाशाची पंढरीच म्हणतात. आमच्या पंचांबरोबर आम्ही दोघंही गेलो होतो. व्यवहाराचं बोलणं चालू असताना मास्तर कापडी आडोशाच्या जरा आत सरकला. आतून एक मुलगी म्हणाली, "काका, तो दिवा बंद करा."

मास्तरला कळेचना कसला दिवा. चष्मा फोटो काढतो तेव्हा फ्रेमवर पांढरा दिवा लागतो, समोरच्याला कळावं म्हणून. मुलगी आरशासमोर वेणी घालत होती, पिना दातात धरलेल्या. तिनं पिना काढल्या आणि पुन्हा तेच सांगितलं. मग मॅनेजर आला आणि चष्मा काढायला लावला. पुढचा अर्धा तास मास्तर खांबाला धरून उभा राहिला. सुपारी ठरली, पंचांना घाई होती. त्या मुलीला आणखी काही विचारायला कुणी मागे थांबलं नाही.

स्टँडसमोर चहा घेताना मी म्हणालो, "तिचं बरोबर होतं."

"माझं काय चुकलं ते सांग."

"तू तिचा फोटो काढलास."

"मी खुर्ची विचारली होती, वकील. बसायला जागा कुठे आहे, एवढंच. बाई चष्म्यानं आपणहून सांगितली."

"पण फोटो गेला ना कुठल्या कुठे."

"गेला असेल. तू आत डोकावलास तेव्हा तुलाही ती दिसलीच की. तू विचारलं होतंस तिला?"

"माझा डोळा काही साठवत नाही. मी बघतो आणि विसरतो."

मास्तर हसला. "विसरतोस? कुणाची मुलगी कुणाबरोबर एसटीत दिसली, हे तुझं गाव तीस-तीस वर्षं विसरत नाही. माझ्या बापानं सोसायटीचं कर्ज थकवलेलं अजून सांगतात मला. गावाच्या नजरेला कुठला दिवा आहे रे?"

मी त्याला 2024 सालचं अमेरिकेतलं उदाहरण दिलं. हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी असाच चष्मा चेहरे शोधणाऱ्या वेबसाइटला जोडला आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे नुसतं बघून त्याचं नाव, पत्ता, फोन काढून दाखवला. त्यांनी ते धोका दाखवायला केलं होतं. पण दुसऱ्या कुणी दाखवायला म्हणूनच करेल असं थोडंच आहे?

"आपल्या स्टँडवरचे म्हातारे काय करतात?" मास्तर म्हणाला. "पोरगं उतरलं रे उतरलं की 'कुणाचा रे तू?' नाव, गाव, आडनाव. आडनावावरनं जात, जातीवरनं चहाचा कप कुठला द्यायचा ते. त्याला इंटरनेट लागत नव्हतं."

"त्या म्हाताऱ्याला उलट विचारता येतं. 'तुम्ही कोण?' म्हणता येतं."

"तुला येत असेल. तू पाटलाचा."

इथे मी गप्प बसलो. मास्तर हा हुकमाचा पत्ता नेहमी शेवटी टाकतो, या वेळी लवकर टाकला.

थोड्या वेळानं मी कलमावर आलो. 24 ऑगस्ट 2017, पुट्टस्वामी खटला. नऊ न्यायमूर्ती, निकाल एकमतानं: खासगीपणा हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या मुलीला हे कलम पाठ असण्याची गरज नाही, तिचा आरसा त्यात बसतो.

"आणि माझी खुर्ची?"

खुर्चीही बसते, हीच पंचाईत. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सोयींपर्यंत पोहोचता येणं हासुद्धा कलम 21 चाच भाग. बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणायचे. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्यांनी आणि अंध माणसांनी काय मिचकवायचं? तेच लोक कोर्टात गेले होते. हा निकाल मी मास्तरला स्वतःहून सांगितला. वकिलानं विरुद्ध पक्षाला असा दाखला देऊ नये खरं तर.

"मग संपलं की," तो म्हणाला.

"संपलं कसं? ती केस बँकेच्या केवायसीबद्दल होती. बँकेचं काही जात नव्हतं. इथे तुझ्या सोयीची किंमत ती मुलगी भरते."

"पिंपरखेडच्या बायांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले, आठवतंय?"

आठवत होतं. नोव्हेंबर 2025. शिरूर तालुक्यात असलं तरी पिंपरखेड आपल्याच जुन्नर वनविभागातलं. बिबट्या मान धरतो म्हणून लोक पट्टे घालून उसात जात होते, देशभर फोटो छापून आले.

"शेजारणीला टोचेल का, असं विचारलं त्यांना कुणी? जिवावर आलं की माणूस घालतो."

"तुझा जीव जात नव्हता राहुटीत."

"रोज थोडा थोडा जातो. तो तुझ्या हिशेबात धरत नाहीत."

बिबट्याचं निघालं म्हणून मी माझी सगळ्यात भक्कम बाजू मांडली, आणि अजूनही ती भक्कम आहे असं मला वाटतं. वनखात्यानं आपल्याकडे बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारी एआय यंत्रं बसवायला सुरुवात केली. चांगलंच आहे. पण तिकडे उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलात वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचं काय झालं ते बघ. केंब्रिजच्या संशोधकांचा 2024 मधला अभ्यास आहे. बाया लाकूडफाट्याला जाताना मोठ्यानं गाणी म्हणत, म्हणजे जनावर बाजूला होतं. कॅमेरे लागले तशा त्या गप्प झाल्या. एका बाईचा उघड्यावर बसलेला फोटो निघाला आणि आसपासच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. लोकांनी कॅमेरे फोडले. मास्तर, कॅमेरा कुणावर रोखलाय याला अर्थ नसतो. समोर जो येतो त्याला तो घेतो.

मास्तर बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं, पटलं.

"त्या लोकांनी कॅमेरे फोडले, बरोबर," तो म्हणाला. "मग फोटो कुणी पसरवला? कॅमेऱ्यानं?"

"माणसांनी."

"1875 ला सुप्याच्या शेतकऱ्यांनी काय केलं? शिकवायचो मी चौथीच्या पोरांना. सावकाराला बहुतेक ठिकाणी हात लावला नाही. वह्या आणि कर्जरोखे जाळले."

"तेच म्हणतोय मी! दप्तर ज्याच्या हातात, त्याची सत्ता. तुझ्या चष्म्याचं दप्तर समुद्रापार आहे, तिथे जाऊन तू काय जाळणार?"

"मग वही सावकाराची आहे, चष्मा माझ्या नाकावर आहे. तू भांडतोस माझ्या नाकाशी. कंपनीवर दावा लावणं तुझ्याच्यानं होत नाही, मॅनेजरला लावता येत नाही, त्या पोरीला तर नाहीच. सगळ्यांना सापडतो तो आंधळा मास्तर."

या एका मुद्द्यावर आम्ही किती वेळ घासाघीस केली ते सांगण्यात अर्थ नाही. मी म्हणत होतो, फोटो जातो तो तुझ्या हातून, जबाबदारी तुझीही. तो म्हणत होता, टपालात काय आहे ते पोस्टमनला विचारत नाहीत. मी म्हणालो, 2023 च्या डेटा कायद्यानं घरगुती, स्वतःच्या कामासाठी वापरणाऱ्या माणसाला मोकळं सोडलंय, म्हणजे तुला कायदा हात लावत नाही, म्हणून तर तुझ्या सद्‌सद्‌विवेकाला विचारतोय. तो म्हणाला, कायदा जिथे संपतो तिथे वकिलाला विवेक आठवतो. मी दिव्याचा मुद्दा काढला: निदान दिवा तरी आहे, लोक सावध होतात. त्यावर स्वतःच ओशाळलो, कारण 2025 मध्ये अमेरिकेत साठ डॉलरांत तो दिवा मारून देणारा एक जण निघाला होता, ते मीच त्याला मागे वाचून दाखवलं होतं. शिवाय तो दिवा लागलाय की नाही हे मास्तरला दिसत नाही. जगातल्या सगळ्यांना कळतं, त्याला सोडून.

मी पर्याय दिला. "फोन वापर. फोन हातात उचलला की चार माणसांना दिसतं, ज्याला नको तो बाजूला होतो. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप 2020 पासून आहे."

"एका हातात काठी. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. फोन कुठल्या हातात धरू?"

"वहिनी असतात की बरोबर."

ही माझी चूक नव्हती, पण मास्तर त्यावर तापला. "ती असते. म्हणून तर चष्मा. माझ्या डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या आहेत, दोन्ही सारख्या. सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते कळावं म्हणून एकीला ती रबर लावायची. रबर निघालं की मी तिच्या उठण्याची वाट बघत बसायचो. आता हातात धरतो, विचारतो, घालतो. पेपर वाचून दाखवते ती, पण तिला न आवडणाऱ्या बातम्या गाळते. मला बरेच दिवस वाटत होतं, जगात बरं चाललंय."

मग एकदम, कशावरून तरी, तो खोडदवर गेला. खोडदला जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी, काही तिथे एकत्र, बाकीच्या दूरवर पसरलेल्या. विज्ञानदिनाला मास्तर पोरांना घेऊन जायचा. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण, की आसपासच्या फोनचाही त्यात गोंगाट होतो, म्हणून तिथे फोन बंद ठेवायला सांगतात.

"तिथे काढशील ना चष्मा?" मी विचारलं.

"पहिला काढीन. पण एक बघ. ताऱ्यांना ऐकू यावं म्हणून तिथे सगळ्यांनी फोन बंद करायचे, आणि कुणी कुरकुर करत नाही. माझ्यासाठी एका राहुटीत कुणी एवढं म्हणालं नाही की, मास्तर, चष्मा काढा, मी बसवतो तुम्हाला."

हे खरं होतं. मॅनेजरनं चष्मा काढायला लावला आणि तो निघून गेला. मीही पंचांच्या बोलण्यात होतो.

"मग ठराव कर," तो म्हणाला. "तू लिही, मी ग्रामसभेत मांडतो. तमाशाची कनात, बायांचा पाणवठा, दवाखाना, इथे कॅमेऱ्याचा चष्मा काढायचा. लिहिलंस? आता पुढचं. ज्याला काढायला लावला त्याला हाताला धरून बसवायला, उठवायला आणि बाहेर आणायला गावानं एक माणूस द्यायचा."

"कुठला माणूस?"

"ते गाव बघेल."

मी सांगितलं की पहिलं कलम पाच मिनिटांत एकमतानं मंजूर होईल. दुसऱ्याला सूचक मिळेल, अनुमोदक मिळणार नाही. शिवाय फड बाहेरगावचा, ग्रामसभेचा ठराव त्याला कितपत लागू होणार हा वेगळाच प्रश्न.

"म्हणून एकाच क्रमांकाखाली लिही दोन्ही. फोडायचं नाही. ज्याला पहिलं पाहिजे त्यानं दुसऱ्यालाही हात वर करायचा. आणि फडाच्या सुपारीत घाल ना, पैसे आपण देतो."

सुपारीच्या कागदात अट घालायची कल्पना चांगली होती. मला सुचायला हवी होती, सुचली नाही. मी हॉटेलच्या बिलाच्या मागे मसुदा लिहिला आणि त्याच्यापुढे सरकवला. त्यानं कागद नाकासमोर धरला. कोपऱ्यातला दिवा लागला. चहावाल्या पोरानं एकदा बघितलं आणि पुढच्या टेबलावर गेला. चष्मा माझं अक्षर लावत हिंदीत काहीतरी पुटपुटला.

"हे 'शक्य असल्यास' कुठून आलं?" मास्तर म्हणाला. "मी नव्हतं सांगितलं. दुसऱ्याच कलमात आहे, पहिल्यात नाही."

"ग्रामसभेत पास व्हायचं असेल तर लागेल ते."

"मग दोन्हीत घाल. नाही तर दोन्हीतनं खोड."