पोटखराब

माझ्या आजोळच्या शेताच्या सातबाऱ्यावर, खातेदारांची नावे आणि आकार यांच्या शेजारी, 'पोटखराब' असा एक लहानसा रकाना असे; आणि त्या रकान्यात जिची नोंद होती ती जमीन म्हणजे, ज्या ओढ्याकाठच्या घळीत आम्ही मुले सुटीचे सारे दिवस घालवीत असू, तीच होय, हे मला पुष्कळ उशिरा कळले. जिच्यातून महसूल निघत नाही ती भूमी खराब, असा हा सरळ हिशेब आहे, आणि तो मांडणाऱ्या तलाठ्याला दोष देण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, क्रॉफर्ड गावाच्या उत्तरेस, ओसाड गवताळ माळावरून जाणाऱ्या खडीच्या रस्त्याने टोडस्टूल नावाच्या भूशास्त्रीय उद्यानात आम्ही पोहोचलो, तेव्हा मला तो रकाना आठवला. अशा प्रदेशाला लाकोटा लोक 'माको सिचा' म्हणजे वाईट भूमी म्हणत, आणि ओलांडायला कठीण म्हणून फ्रेंच व्यापाऱ्यांनीही तिला तेच विशेषण लावले. त्यांची तक्रार वाटसरूची होती. खातेदाराची तक्रार मागाहून आली. १८६२च्या कायद्याने वसाहतकऱ्यास १६० एकर जमीन मिळे. पश्चिम नेब्रास्कात तेवढ्यात एका कुटुंबाचे भागेना, म्हणून १९०४ साली ती मर्यादा ६४० एकरांवर नेण्यात आली. आणि १९३०नंतरच्या अवर्षणात तेही अपुरे ठरल्यावर, मोडकळीला आलेली शेते सरकारनेच परत विकत घेतली. १९६० साली त्या माळाला राष्ट्रीय तृणभूमीचा दर्जा मिळाला आणि, ज्यांच्याकडून ती भूमी काढून घेतली होती, त्या ओग्लाला लाकोटांचेच नाव तिला देण्यात आले. हे औचित्य की उपहास, याचा निर्णय मला करता आला नाही. उद्यानाच्या तोंडाशी गवताळ मातीची ढेपळे विटांसारखी रचून बांधलेले जुन्या धर्तीचे एक घर नमुन्यादाखल उभे आहे. त्याच्या आत मात्र उन्हातून आलेल्या माणसाला विलक्षण गारवा मिळतो.

टोडस्टूल म्हणजे कुत्र्याची छत्री. पुरातन नद्यांनी पसरलेली वाळू कठीण खडक होऊन बसली, तिच्याखालची चिकणमाती मऊच राहिली, आणि पावसाने भोवतालची माती धुऊन नेली तरी शिळेच्या छायेतली तेवढी वाचली, म्हणून बारीक देठावर भलीथोरली फरशी तोललेली दिसते. देठ झिजला की फरशी कोसळते. अशा कोसळलेल्या छत्र्या पायवाटेवर पडलेल्या आहेत. ही माती पुष्कळशी पश्चिमेकडील ज्वालामुखींच्या राखेची असून साधारणतः ३ ते ४ कोटी वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाहून ती बरीच तरुण ठरते. तरीही सह्याद्रीचा कडा पाहताना जे जुनेपण जाणवत नाही ते इथे पदोपदी जाणवते, कारण सह्याद्री झिजतानाही आपली झीज सहसा नजरेस पडू देत नाही. इथे ती उघड्यावर चालते. मेंढीएवढे रवंथ करणारे प्राणी, पायाला तीन बोटे असलेले लहानसे घोडे, गेंड्यांचे पूर्वज यांची हाडे याच मातीत पुरलेली आहेत, आणि एका जुन्या नदीपात्राच्या वाळूवर, आता जी शिळा झाली आहे तिच्यावर, अशाच प्राण्यांच्या पाउलांचे ठसे उमटलेले आहेत.

मुक्कामाला सहा जागा, एक संडास, पाण्याचा नळ नाही, दिवा नाही. याला तिकडे आदिम मुक्काम म्हणतात. पण आमची नायलॉनची राहुटी, डबाबंद जेवण आणि शेजारी उभी असलेली मोटार पाहता तो शब्द आम्हाला बराच सैल होत होता. आदिम झाली ती एकच गोष्ट : चूळ भरण्यापूर्वी कॅनमध्ये पाणी किती उरले आहे ते पाहण्याची सवय. रात्री दूरवरून कोळशाच्या मालगाड्यांचा खडखडाट येई आणि तो थांबल्यावर शांतता आधीपेक्षा मोठी वाटे.

पहाटे सर आली. लाह्यांसारखी फुललेली कोरडी माती बघता बघता चिखल झाली, ओघळींतून दुधट पाणी धावू लागले, आणि रस्ता वाळेपर्यंत मोटार हलवणे अशक्य झाले. ऊन पडल्यावर घळीत गेलो तो, काल जिथे काही दिसले नव्हते तिथे, ओल्या दरडीतून दातांची एक इवली रांग बाहेर डोकावत होती. ज्या पाण्याने तिला कोट्यवधी वर्षांनी उजेडात आणले तेच पाणी आणखी काही सरींत तिचा चुरा करणार, हे उघड होते. हे असे दफ्तर आहे की ज्याचे पान उघडले की ते फाटायलाच लागते, आणि जे उघडत नाही ते कुणी वाचूही शकत नाही. लागवडीखालच्या सपाट, सुरक्षित, चांगल्या जमिनीत असली पाने मिटलेलीच राहतात. जीवाश्म उचलण्यास मनाई आहे, म्हणून हात न लावता जागेच्या खुणा टिपून घेतल्या, आणि क्रॉफर्डकडे जाताना त्या वनखात्याच्या कचेरीत दिल्या.

मुक्कामाच्या पुढल्या गावी न्हाणीघरात बूट धुतले, तेव्हा त्यांच्या तळव्यांतून पांढरट माती सुटू लागली आणि बराच वेळ सुटतच राहिली.