शाळेतला आरोग्य कक्ष कशासाठी?

चि. सोनू,

शाळेत आरोग्य कक्ष सुरू झाल्याचं तुझ्या पत्रातून कळलं, फार बरं वाटलं. ‘तालुक्याला दवाखाना आहे की, मग शाळेत कशाला?’ असं तू विचारतेस. अगं, दवाखान्यात जायचं तर एसटीचं भाडं लागतं, आईचा रोज बुडतो आणि घरी कारण सांगावं लागतं. पाळीत पोटात येणाऱ्या कळा किंवा उडालेली झोप, हे घरी सांगायलाच जीव कचरतो. शाळेत मात्र तू रोज जातेसच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांना तपासतं. आठवड्याला लोहाची निळी गोळीही मिळते. ती उपाशीपोटी घेऊ नकोस, मळमळतं, जेवल्यावर घे. शौचाला काळी झाली तर घाबरू नकोस, ते लोहामुळेच. पण वर्षातून एकदा येणाऱ्या माणसापाशी मनातलं कोण बोलेल?

त्यासाठी माणूस रोजचं हवं, आणि गुण देणारं नको. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने हे पडताळून पाहिलं. मुलांचं ऐकून घ्यायचं काम काही शाळांत शिक्षकांकडे दिलं, काहींत प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडे. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. मुलं पेटीत चिठ्ठ्या टाकत, गटात बोलत, एकेकटी भेटत. 2018 मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांचं नैराश्य आणि आपसातली दादागिरी कमी झाली होती. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. यात शिक्षकांना दोष नाही. पण हजेरी आणि निकाल ज्यांच्या हाती, त्यांच्याकडे मन मोकळं करणं मुलांना जड जातं, असं मला वाटतं.

म्हणून तुमच्या कक्षातल्या ताईंना आधीच विचारून घे : माझं कोणतं बोलणं तुमच्यापाशीच राहील आणि कोणतं तुम्हाला सांगावंच लागेल? मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कायद्याने ते कळवावंच लागतं, आणि ते मुलाच्या भल्यासाठीच असतं. सुट्टीत मन फार जड झालं तर 14416 वर फोन कर. टेली-मानसची ही सेवा मोफत आहे.

आजारी पडायची वाट पाहू नकोस. याच आठवड्यात एकदा जाऊन ये, आणि वर्गात जी मुलगी हल्ली गप्प गप्प असते, तिलाही सोबत ने.

तुझी,
आजी