शब्द कोणाचे?

लखनौला मुलाकडे राहावयास आल्यानंतर माझा जुना, बटणांचा फोन एका पावसाळ्यात बंद पडला आणि मुलाने हजरतगंजातून नवा स्मार्टफोन आणून दिला. पहिले आठ-दहा दिवस, नव्या शेजाऱ्याची ओळख करून घ्यावी तसे, त्याचा स्वभाव जाणून घेण्यात गेले. तो आडवा धरला की मजकूरही आडवा होतो, आणि खिशात ठेवताना बोट लागले की भलत्याच माणसाला फोन जातो. या साऱ्याची सवय झाली. एका गोष्टीची मात्र अद्याप झालेली नाही. मी लिहू लागलो की कीबोर्डाच्या वरच्या पट्टीवर तीन शब्द येऊन उभे राहतात. पुढे मी काय म्हणणार, याचा तो अंदाज असतो.

प्रारंभी त्याची गंमत वाटे. येथे हिंदीवाचून भागत नाही म्हणून मुलाने हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषा कीबोर्डात घातल्या होत्या. लिपी एकच असल्याने बिचाऱ्या यंत्राचा गोंधळ उडे. 'आहे' लिहावे तर पट्टीवर 'है' हजर. हिंदीच्या नेहमीच्या लिखाणात 'ळ' नाही. त्यामुळे नातवाविषयी लिहिताना 'बाळ' या शब्दाचे त्याने 'बाल' केले आणि धाकट्या बहिणीस निरोप गेला तो केसांना सर्दी झाल्याचा!

मग जालन्याहून वार्ता आली. तीस वर्षे ज्याच्याबरोबर एकाच शाळेत शिकवले त्या मित्राची पत्नी, आमच्या वहिनी, ख्रिस्तवासी झाल्या. आम्हा जुन्या सहकाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. संध्याकाळपर्यंत तेथे 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन शब्द सुमारे चाळीस वेळा उमटले. मीही लिहावयास बसलो. 'भा' एवढेच लिहिले असेल, तोच पट्टीवर 'भावपूर्ण' आले. त्यास स्पर्श करताच 'श्रद्धांजली' आले, आणि त्यापाठोपाठ जोडलेल्या हातांचे चित्र. सारे मिळून दोन-तीन क्षणांचे काम. पाठविण्याच्या बाणावर बोट नेले आणि ते तेथेच थांबले. ज्या माउलीने मला असंख्य वेळा जेवू घातले, तिच्यासाठी मी अद्याप एकही शब्द शोधला नव्हता. हे सांत्वन कोणाचे होते? माझे, की त्या यंत्राचे?

तयार शब्द म्हणजे खोटे शब्द, असे म्हणून मोकळे होता आले असते. परंतु थोडा विचार करता ते टिकत नाही. आपल्या वाडवडिलांनी पत्रे लिहिली ती मायन्यावाचून लिहिली नाहीत. 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार' हे शब्द कोणा एका मुलाने आपल्या बापासाठी रचलेले नव्हते. हेमाडपंतांच्या नावे सांगितले जाणारे 'मेस्तक' हे तर कोणास कोणता मायना घालावा याचे नियमच होत. पुढे तारखात्याने शुभेच्छांची क्रमांकवार यादी केली. खिडकीवर नुसता क्रमांक सांगावा आणि पलीकडे संपूर्ण वाक्य पोहोचावे, अशी ती सोय २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद होईपर्यंत आपल्या देशात होती. त्या क्रमांकाची तार हाती पडल्यावर नववधूने ती खोटी मानली असेल काय? आपल्या मंडळीतील विवाहविधीतही वधूवर पाळकांच्या मागून जी वचने उच्चारतात, ती त्यांची स्वतःची नसतात. बांधून मात्र तीच घेतात.

आणि हे शहर तर तयार शब्दांचेच. येथील सभ्य माणूस आपल्या घरास 'गरीबखाना' आणि समोरच्याच्या घरास 'दौलतखाना' म्हणतो. आमचे शेजारी आपल्या तीन मजली घरास मोठ्या नम्रतेने गरीबखाना म्हणतात आणि माझ्या मुलाच्या दोन खोल्यांस दौलतखाना. पहिल्या महिन्यात मला ते नाटकी वाटले. मग एका रात्री मला ताप भरला असता तेच गृहस्थ आपली गाडी काढून मला दवाखान्यात घेऊन गेले आणि पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिले. तेव्हापासून त्यांचा 'दौलतखाना' मी निमूटपणे स्वीकारतो. अर्थात उलट बाजूही आहे. मिर्झा गालिबने आपल्या उर्दू पत्रांतून लांबलचक मायने बाजूस सारले आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तसे लिहिले; १८६८ व १८६९ साली छापून निघालेले त्या पत्रांचे संग्रह लोक आजही वाचतात ते त्यासाठीच.

तेव्हा शब्द उसने असणे हा दोष नव्हे. मग माझे बोट का थांबले? मला वाटते, मायना हा शिकावा लागे. समोरचा कोण, वडील की धाकटा, त्याचे माझे नाते काय, हे ठरविल्याखेरीज तो घालता येत नसे. फोनला यातले काही ठाऊक नाही. कोणत्या शब्दामागे बहुधा कोणता शब्द येतो, हे त्याने पुष्कळ लोकांच्या लिखाणावरून आणि थोडे माझ्याच लिखाणावरून हेरलेले असते, एवढेच. आताच्या काही फोनांत तर संपूर्ण पत्राचा मसुदाही तयार मिळतो. दुःखात शब्द सुचत नाहीत. ते न सुचणे, कागदापुढे नुसते बसून राहणे, हाही सांत्वनाचाच भाग होता. आणि नेमकी तेवढीच वेळ हे यंत्र, मोठ्या अगत्याने, माझ्यापासून काढून घेत होते.

मी ते दोन शब्द पुसले व दुसऱ्या दिवशी सकाळी, पट्टीकडे न पाहता, मित्रास स्वतंत्र पत्र लिहिले. 'ख्रिस्तवासी' या शब्दाखाली फोनने तांबडी रेघ ओढली. त्यास तो ठाऊक नव्हता. आम्ही जालना सोडले त्या दिवशी वहिनींनी स्टेशनवर येऊन लिंबाच्या लोणच्याची बाटली दिली होती, तेही लिहिले. त्यात दीड तास गेला.

चार दिवसांनी मित्राचा फोन आला. मी काहीशा अभिमानानेच त्या चाळीस सारख्या निरोपांचा विषय काढला. तो म्हणाला, "अरे, मी शब्द वाचलेच नाहीत. नावं वाचली. रात्रभर एकेक नाव वाचत होतो." मी गप्प झालो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "तुझं पत्र मुलीनं दोनदा वाचून दाखवलं. पण ती बाटली नव्हती रे, डबा होता. झाकण सैल होतं म्हणून तिनं वर फडकं बांधलं होतं."

तेव्हापासून पौलाच्या पत्रांतील एक लहानशी गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. रोमकरांस पत्र त्याने स्वतः लिहिले नाही, ते तर्तियसाने लिहून घेतले. आणि थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो सांगतो की सलाम मात्र आपल्या हातचा आहे, व प्रत्येक पत्रात हीच आपली खूण. त्या गटातील चाळीस जणांनी आपले नाव तेवढे आपल्या हाताने पाठविले असेल, आणि माझ्या मित्राने तेवढेच वाचले. माझ्या दीड तासाचे मोल त्यामुळे कमी झाले असे मला वाटत नाही. त्यांच्या तीन स्पर्शांना मी जे मोल दिले होते ते मात्र कमी पडले, हे कबूल केले पाहिजे.

यानंतर महिन्याभराने मी पुण्याच्या एका स्नेह्यास सहज खुशाली विचारावयास बसलो. 'वहिनी' एवढा शब्द लिहिला आणि पट्टीवर मधोमध शब्द आला, 'गेल्या'. माझ्या अंगावर काटा आला. त्या महिन्यात मी कितीदा, किती जणांना ते वाक्य लिहिले होते, हे यंत्राने लक्षात ठेवले होते. मी पट्टी ओलांडून 'कशा आहेत' असे अक्षर अक्षर लिहिले.

शिकलेले सारे शब्द एकदम पुसून टाकण्याची सोय फोनच्या सेटिंगमध्ये आहे, असे मुलाने दाखवून दिले. तसे केल्यास 'गेल्या' जाईल. पण मग आता रेघ न ओढता जो स्वतःहून समोर येतो तो 'ख्रिस्तवासी'ही जाईल, आणि नातवाचे 'बाळ'ही, जे त्याला शिकवायला मला सहा महिने लागले. दोनदा मी त्या जागेपर्यंत जाऊन परत आलो आहे.